कारभारी बदलताना

"काकू, घराचा कंट्रोलर बदलायचा आहे," असं प्रसन्न फोनवर म्हणाला, तेव्हा मी भाकरी थापत होते. म्हटलं, बदल बाबा, तुझंच घर आहे. पण त्याचं बोलणं तिथं थांबायचं नव्हतं. "आणि नाही बदलला तर मी आईला बंगळूरला घेऊन जातो," असं तो पुढं म्हणाला. तव्यावरची भाकरी करपली ती करपलीच.

प्रसन्न माझा पुतण्या. त्याची आई, रत्नप्रभा सातपुते, ही माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणते. मी लग्न होऊन इचलकरंजीत या घरात आले तेव्हा मागच्या शेडमध्ये यंत्रमाग खडखडत असायचे. भाऊजी, म्हणजे अक्काचे यजमान, आणि आमचे हे, दोघे भाऊ पाळ्या वाटून घ्यायचे. घरात एकमेकांशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं, आणि ती सवय अजून आम्हा दोघींच्या घशातून गेलेली नाही. आता माग भंगारात गेले, शेड एका सूतवाल्याला गोदामाला दिलंय आणि दोघे भाऊ एकापाठोपाठ एक निघून गेले. उरलो आम्ही दोघी. जन्मभर एकमेकींच्या चुका काढल्या, आता दुसरं कोणी नाही म्हणून त्याच पुन्हा काढतो.

फक्त हल्ली अक्काला स्वतःच्या चुका आठवत नाहीत, माझ्या मात्र सगळ्या आठवतात. डॉक्टर याला आजार म्हणतात. मी म्हणते, ही आधीपासूनच अशी होती. पण मस्करी बाजूला ठेवली तर खरं हे आहे की मला भीती वाटते. परवा तिनं मला विचारलं, "तुझ्या घरी वाट बघत असतील नव्हं, जा की आता." मी कुठं जाणार? मला ना मूल, ना बाळ. प्रसन्न माझ्याच मांडीवर वाढला, तो बंगळूरला. अक्का गेली तर या घरात मी भिंतींशी भांडू काय?

म्हणून कंट्रोलरचा विषय माझ्यासाठी यंत्राचा नव्हता. अक्का इथं राहणार की जाणार, एवढाच होता.

आता हे कंट्रोलर प्रकरण काय, ते सांगते. आमच्या छताला तीन पांढऱ्या ताटल्या लावलेल्या आहेत. त्यांतून वाय-फाय येतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण त्या लहरी नुसत्या फोनसाठी नसतात. माणसाचं अंग म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. लहर अंगावर आपटते, थोडी आत जिरते, थोडी परत फिरते. कोणी उठलं, बसलं, नुसता श्वास घेतला तरी परतणाऱ्या लहरीत फरक पडतो. ताटल्या तो फरक टिपतात. प्रत्येकाची चाल वेगळी, म्हणून फरकही वेगळा. ना कॅमेरा, ना फोटो, तरी घराला कळतं की न्हाणीकडं निघाली ती अक्का, हेमा नव्हे. हेमा म्हणजे मी.

पण ताटल्या म्हणजे नुसते डोळे. त्यांनी पाहिलेलं जुळवून, आता दिवा लाव, आता पंखा कमी कर, हे ठरवणारा कोणीतरी लागतो. तो कंट्रोलर. त्यात दोन जाती. एक पेटीतला, म्हणजे घरातच भिंतीवर बसवलेलं यंत्र. जे शिकेल ते या घराकडून शिकेल आणि इथंच ठेवेल. दुसरा नुसता प्रोग्राम. तो कुठल्यातरी दूरच्या मोठ्या संगणकावर चालतो, एकाच वेळी लाखो घरं सांभाळतो आणि त्या सगळ्यांवरून शहाणा होतो. भाऊजींनी माग बंद झाल्यावर घरात हे जाळं बसवलं तेव्हा दुकानदार प्रोग्रामच घ्या म्हणत होता. भाऊजी म्हणाले, "घराचा कारभारी घरात पाहिजे. परगावी बसून कारभार होतोय व्हय?" आणि पेटी आणली. मागाच्या मोटारी सोडवून त्यांनी दोन्ही दारांना बसवल्या, कारण अक्काचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते.

पेटी शिकली. आणि माणसं गेली तरी पेटी विसरली नाही. दुपारी जेवणं झाली की खिडकीजवळच्या कॉटवरचा पंखा आपोआप सुरू होतो. तिथं आमचे हे पडायचे. पाळी सुटायच्या वेळेला किटली तापायला लागते, कारण माग थांबल्यावरही दोघे भाऊ त्याच वेळेला चहा घ्यायचे. माग नाहीत, पाळी कुणाची सुटणार? पण किटलीचा आवाज आला की अक्का "आले वाटतं" म्हणत चार कप मांडते. ती बघत नसताना मी दोन उचलून ठेवते. पंखा मात्र मी कधी बंद केला नाही. त्या कॉटजवळ खुर्ची ओढून बसते आणि वाटाणे सोलते.

आणि दिवेलागणीचं दार. सासूबाईंची रीत होती की तिन्हीसांजेला आधी मागचं दार लावायचं आणि मग पुढचं सताड उघडायचं. लक्ष्मी पुढून येते आणि मागून निघून जाते. आमचं शेड तर मागच्याच दाराला लागून. तरी त्या वेळेला पुरुष माणसांनी शेडमधून घरात यायचं ते बोळातून वळसा घालून, पुढच्या दारानं. घामाघूम झालेला नवरा अख्खा वळसा घालून येतोय हे बघून मला सासूबाईंचा राग यायचा. पण दोन्ही भाऊ निमूट यायचे. पुढं पेटी आली आणि भाऊजींनी पहिल्याच आठवड्यात ती रीत तिच्यात बसवून टाकली. तेव्हापासून ऊन उतरलं की मागची कडी आपोआप लागते, पुढचं दार उघडतं, उंबऱ्यावरचा दिवा लागतो. अक्काला आज वार कोणता ते सांगता येत नाही. पण ते दार उघडलं की ती तोंड धुते, कुंकू लावते आणि ओट्यावर जाऊन बसते. त्या तासाभरात ती पूर्वीची अक्का असते.

तबस्सुम मुजावर आली ती प्रसन्ननं पाठवलेली. तिचे वडील आमच्याकडं जॉबर होते, मागाचं काही बिघडलं की तेच यायचे. ही नेटवर्कं बसवते. पेटी उघडून तिनं आत बघितलं आणि भाऊजींची आठवण काढली.

"काकू, पेटी थकली आहे. हिचे भाग आता बनत नाहीत. वर्षभर चालेल, नाहीतर उद्या बंद पडेल. आणि प्रसन्नदादांना बंगळूरहून आजींवर लक्ष ठेवायचं असेल, तर ते हिच्यातून होणार नाही. ही घरातलं बाहेर सांगतच नाही."

"मग पेटी जे शिकली आहे ते नव्यात ओतून दे की," मी म्हटलं.

तिनं पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "माणसाची चाल, सवयी, हे सगळं त्याच्या संमतीशिवाय घराबाहेर न्यायचं नाही, असा कायदा आहे. तुमचं नेता येईल. आजींचं प्रसन्नदादांच्या सहीनं नेता येईल. काकांचं आणि दादांच्या बाबांचं नाही नेता येणार."

"ते कुठून आणायचे आता संमती द्यायला?"

"तेच तर," ती म्हणाली.

"आणि दार?"

तिनं हातातल्या पडद्यावर बघितलं. दिवेलागणीचं दार भाऊजींच्या नावावर होतं. बघा म्हणजे. सासूबाई असल्यापासून ते पेटी येईपर्यंत रोज संध्याकाळी हातातलं काम टाकून उठले मी, कड्या काढल्या-लावल्या मी, आणि नाव कुणाचं लागलं?

"मग माझ्या नावावर नव्यानं सांग त्याला," मी म्हटलं.

"ऐकणार नाही तो. घरात विसरणारं माणूस असेल तर रस्त्याकडचं दार यंत्रानं आपणहून उघडायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. जिवंत माणसानं हातानं उघडलं तर चालतं."

तरी अक्का जाऊ नये म्हणून मी नव्याला हो म्हटलं. माझी माहिती भरताना नव्या प्रोग्रामनं विचारलं, तुमचं मुख्य रहिवाशाशी नातं काय? पुढं मुलगी, सून, परिचारिका, भाडेकरू असे पर्याय होते. जाऊ नव्हतं. तबस्सुम म्हणाली, 'इतर' करू का? मी म्हटलं, कर, नाहीतरी या घरात मी इतरच होते.

पेटी बंद केली त्या दुपारी कॉटवरचा पंखा लागला नाही. एवढ्याशा गोष्टीला मी तोंडात पदर धरून रडले. नवरा गेला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं, रडायला सवड मिळाली नव्हती. ते राहिलेलं रडू त्या दिवशी आलं असावं.

नवा कारभारी वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. अक्का रात्रीतून उठली की पायाशी मंद उजेड. तिच्या गोळ्यांची आठवण. ती अडखळली तर प्रसन्नच्या फोनवर लगेच निरोप. तोही खूश. रोज फोन करायचा, "काकू, आई आज बरी चालली." आणि मला काय मिळालं? संध्याकाळ. नव्याच्या भरवशावर मी बागेत जायला लागले. तिथं आमच्या वयाच्या चौघीजणी बसतात, भेळ खातात आणि सुनांना नावं ठेवतात. मला सून नाही, मी जावेला नावं ठेवायचे. जन्मात पहिल्यांदा तिन्हीसांजेला मी त्या उंबऱ्याच्या बाहेर होते. फार छान वाटायचं.

अक्का मात्र बावरली. किटली तापत नाही, कप मांडायचे कधी ते कळत नाही. "हे कुणाचं घर गं?" असं विचारायची. मी म्हणायचे, तुझंच. ती म्हणायची, "बघ हं, कुणी इथनं हाकललं तर मला बोलू नकोस." मला वाटलं, होईल सवय.

तो दिवस उकाड्याचा होता. मी बागेत गेले. नंतर तबस्सुमनं सगळं तपासून सांगितलं ते असं. ऊन उतरलं तशी बाहेरची हवा थंड झाली. नव्यानं विचार केला, खोल्या निववायला दार उघडावं. रस्त्याकडचं उघडायचं नाही हा नियम. मागचं तर परसात उघडतं, परसाला भिंत आहे, म्हणजे धोका नाही. लाखो घरांत हाच हिशेब बरोबर ठरत असेल. त्यानं मागचं दार सताड उघडलं.

आणि अक्काच्या पायांना वर्षानुवर्षं एकच गोष्ट ठाऊक होती, या वेळेला जे उघडं असतं ते पुढचं दार. तिनं तोंड धुतलं, कुंकू लावलं, बाहेर पडली. ओटा सापडेना, तशी चालत राहिली आणि समोर शेड दिसलं. सूतवाला दार लोटून चहाला गेला होता. ती आत गेली. परसात नि शेडमध्ये आमच्या ताटल्यांच्या लहरी पोचत नाहीत. नव्याच्या लेखी ती घरातून नाहीशी झाली. मी बागेत, अक्का दिसत नाही, म्हणजे दोघी मिळून बाहेर गेल्या असणार, असं त्यानं ठरवलं. दिवे बंद केले, मागचं दार लावलं, कडी घातली. प्रसन्नच्या फोनवर निरोप गेला, घर सुरक्षित आहे.

मी परत आले तर घरात अंधार. मी दार उघडलं, माझ्या चालीनं दिवे लागले. "अक्का," मी हाक मारली. नाही. न्हाणीत नाही, माजघरात नाही, कॉटवर नाही. रस्त्यावर धावले, वाण्याला विचारलं, शेजारच्या पोरींना विचारलं. परत घरात आले, तेव्हा कुठं मागच्या दारावर थाप ऐकू आली. हळू थाप होती, जणू परक्या घरी कोणी भीतभीत वाजवावं तशी.

कडी काढली. अक्का उभी. केसांत सुताचे धागे, कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलेलं. म्हणाली, "माग बंद पडलेत सगळे. माणसं कुठं गेली? मी किती वेळ दार वाजवतेय, मला आत का घेईनात?"

मी तिला मिठीत घेतलं. आमच्यात असली पद्धत नाही. तिला हुडहुडी भरली होती, त्या उकाड्यात.

प्रसन्न दुसऱ्याच दिवशी विमान करून आला. मी त्याच्यावर तुटून पडले. म्हटलं, तुझ्या शहाण्यानं तुझ्या आईला घराबाहेर कोंडलं. तोही चिडला. "आणि तुमची पेटी उद्या बंद पडली तर? मला कळणारसुद्धा नाही. काकू, मी तुम्हाला दोष देत नाही. पण तुम्ही एकट्या किती बघणार? मी आईला घेऊन जातो." तो रडकुंडीला आला होता. त्याचंही खोटं नव्हतं. माझ्या मांडीवर वाढलेलं पोर ते, त्याला काय बोलणार?

तबस्सुमला बोलावलं. ती काढून नेलेली पेटी घेऊन आली, हवी तर परत लावते म्हणाली. लावली असती तर दुसऱ्या दुपारी पंखा फिरला असता. माझा जीव नुसता तुटत होता. पण मग ती म्हणाली, "मागच्या वेळी आजींच्या जागी दादांची सही घेतली. कायदा म्हणतो, आधी त्यांना विचारा, समजेल तसं विचारा. ते आपण कोणीच केलं नाही."

खरंच की. एवढी खडाजंगी झाली आणि जिच्यासाठी झाली ती तिथंच बसून लसूण सोलत होती.

तबस्सुम तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली. "आजी, ही जुनी पेटी लावली तर घर तुमच्या रीतीनं वागेल. पण ती कधी बंद पडेल सांगता येत नाही. नवीन टिकेल, पण तो संध्याकाळी पुढचं दार उघडणार नाही. नाहीतर दादांबरोबर बंगळूर. काय करू, सांगा."

अक्कानं लसणाची पाकळी सोलून वाटीत टाकली. मग विचारलं, "संध्याकाळी दार कोण उघडतं?"

"ही पेटी उघडायची, आजी."

"पेटी न्हवं गं. पेटी आता आली. पेटीच्या आधी कोण उघडायचं?"

मी म्हटलं, "मी उघडायचे, अक्का."

तिनं माझ्याकडं बघितलं. तीच नजर, मी नवी सून असताना भाजीत मीठ कमी पडलं की बघायची तशी. "मग आता काय हात मोडलेत हिचे?"

मला इतका राग आला. म्हटलं, मेलं या बाईला अख्खं जग विसरलंय, मला कामाला लावायचं तेवढं विसरली नाही. बागेतला बाक, भेळ, त्या चौघीजणी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. बोलायला तोंड उघडलं, तर ती प्रसन्नकडं वळली होती.

"बंगळूरला हेमा आहे का रे?"

"नाही, आई. काकू इथं राहणार."

"मग मी येऊन काय करू तिथं?" एवढं म्हणून तिनं पुढचा गड्डा फोडायला घेतला.

प्रसन्ननं पुन्हा बंगळूरचं नाव काढलं नाही. मी तबस्सुमला म्हटलं, "नवाच राहू दे. दोन्ही दारं तेवढी हातावर टाक. त्यानं दाराला हात लावायचा नाही."

"काकू, रोज जमेल तुम्हाला?" प्रसन्ननं विचारलं. "एकही संध्याकाळ चुकवून चालणार नाही."

"इतकी वर्षं जमलं की," मी म्हटलं.

तबस्सुमनं पेटी पिशवीत भरली. मी थांब म्हटलं नाही. ती गेल्यावर मात्र कॉटवर जाऊन बसले आणि बटण दाबून पंखा लावला. आता तो रोज मीच लावते. किटलीही मीच ठेवते, आणि चार कप मांडले तर दोन उचलत नाही. असू देत.

संध्याकाळी मी उठते. मागचं दार लावते, मग पुढचं उघडते. एकदा क्रम चुकला तर आतून ओरडली, "आधी मागचं." शेडमधले माग चालू असताना ओरडायची तेवढ्याच जोरात. मग कुंकू लावून ओट्यावर येते आणि मी तिच्याशेजारी बसते. बोळाच्या तोंडाशी कोणी दिसलं की ती मान उंच करून बघते. मीही बघते.

महिन्याभरानं प्रसन्नचा फोन आला. आवाजात काळजी. "काकू, नव्या कंट्रोलरचा निरोप आलाय. तुमच्या दिनक्रमात बदल दिसतोय म्हणतो. हल्ली संध्याकाळी तुम्ही घराबाहेर पडत नाही, तब्येत दाखवून घ्या म्हणतो. बरं आहे ना सगळं?"

"त्याला म्हणावं, बरी आहे मी," मी म्हटलं. "अक्का आहे तोवर मला आजारी पडायची सोय नाही. आणि मरायची तर नाहीच नाही."